हाताने फिरवायचा आठ नळ्यांचा गर्बर संच: डेअरीत नोकरी करू पाहणाऱ्या पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी घ्यावा का?

गर्बर म्हणजे ॲसिडने दुधातली फॅट सुटी करून नळीत मोजण्याची पद्धत, आणि हा तिचा संच. निकाल आधीच सांगतो. घ्यावा, पण एकट्याने नाही, चार-पाच जणांनी मिळून किंवा विभागामार्फत. आणि खोक्यातून निघतो तसाच वापरायला घेऊ नये. फिरवायचे मशीन (सेंट्रिफ्यूज) बहुधा चांगले निघते, नळ्या बऱ्या असतात, बुचे आणि पिपेट (मापाने दूध घ्यायची काचेची नळी) मात्र बदलावी लागतात. सल्फ्युरिक ॲसिड तर विद्यार्थ्याने स्वतः विकत आणायचेच नाही. पुण्याच्या बाजारात हा संच वेगवेगळ्या उत्पादकांच्या नावाने मिळतो, पण आतला माल जवळपास सारखाच असतो. त्यामुळे इथे एका कंपनीचे नाव न घेता संचातल्या एकेका भागाबद्दल लिहिले आहे.

हा संच कोणाच्या कामाचा? पुण्याच्या आसपास डेअरीची नोकरी म्हटली की कात्रज, मंचर, बारामती ही नावे पहिल्यांदा येतात. इथे येणारी काही मुले उदगीर आणि वरुड (पुसद) इथल्या दुग्ध तंत्रज्ञान महाविद्यालयांतून बी.टेक. केलेली असतात, काही शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयासारख्या ठिकाणी पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्र शिकलेली. दोघांच्याही जर्नलमध्ये गर्बर पद्धत नीट लिहिलेली असते. पण बॅच मोठी आणि मशीन एकच असले की प्रत्येकाच्या वाट्याला एखादी नळी येते, तीही कुणीतरी आधीच ॲसिड भरून ठेवलेली. पुढे डॉकवर (प्लांटमध्ये दूध उतरवून घेतात तिथे) किंवा संकलन केंद्रावर पहिली नेमणूक झाली की तिथे नळी भरणारा दुसरा कोणी नसतो.

आणि त्या नळीवर पैसे ठरतात. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून जाहीर होतो, त्यापुढे-मागे पॉइंटप्रमाणे (एक पॉइंट म्हणजे ०.१) वाढ किंवा कपात होते. तुम्ही ३.५ च्या जागी ३.४ वाचलेत तर समोर कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे पैसे कापले गेले. म्हणून हा हात शिकतानाच बसायला हवा, नोकरीवर शेतकऱ्याच्या दुधावर नाही.

‘आता सगळीकडे मिल्क ॲनालायझर आहे, गर्बर कोण करतो?’ हा प्रश्न दरवेळी येतो. ॲनालायझर मिनिटाभरात आकडा देतो हे खरे. पण तो आकडा कशाशी तरी जुळवून बसवलेला असतो, आणि ते जुळवणे बहुतेक ठिकाणी गर्बरवरून होते. शेतकऱ्याने आकड्यावर हरकत घेतली की प्रकरण गर्बरवरच येते. यंत्र चुकते आहे हे सांगू शकणारा माणूस डेअरीला हवा असतो. बटण दाबणारा कोणीही मिळतो.

आता खोके उघडू. साधारणपणे आत हाताने फिरवायचे झाकणाचे सेंट्रिफ्यूज, आठ ब्युटीरोमीटर (डॉकवर सगळे नुसते ‘नळ्या’ म्हणतात), बुचे आणि त्यांची चावी, १०.७५ मिली.ची दुधाची पिपेट, ॲसिडसाठी १० मिली आणि अल्कोहोलसाठी १ मिली.चे टिल्ट मेझर (वाकवले की ठरलेले मापच ओतणारे), नळ्यांचा स्टँड आणि एखादा लॅक्टोमीटर (दुधात तरंगून घनता दाखवणारा) एवढे निघते. वॉटर बाथ वेगळा घ्यावा लागतो. थर्मोमीटर असलाच तर त्यावर विसंबू नका.

सेंट्रिफ्यूजपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहे. पुस्तकात ११०० आरपीएम आणि ४ ते ५ मिनिटे असे पाठ केलेले असते. खरी गरज आरपीएमची नसते, नळीच्या बुचाच्या टोकाला सुमारे ३५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३५० पट) इतका जोर मिळण्याची असते. केंद्रापासून त्या टोकापर्यंत २६ सेंमी अंतर असलेल्या मोठ्या मशीनला ११०० आरपीएमवर हा जोर मिळतो. हातमशीन लहान असते. तिची त्रिज्या १६ सेंमी असेल तर ११०० वर फक्त २१६ जी मिळतात, आणि सगळी फॅट वर येत नाही. आकडा कमी येतो, आणि तो दरवेळी कमीच येतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. १६ सेंमीला ३५० जी हवे असतील तर सुमारे १४०० आरपीएम लागतात.

हिशोब सोपा आहे: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या (सेंमी) गुणिले आरपीएमचा वर्ग. मशीन घेतल्यावर आधी पट्टीने त्रिज्या मोजा, नळी आडवी असतानाच्या स्थितीत, केंद्रापासून बुचाच्या बाहेरच्या टोकापर्यंत. मग चकतीच्या कडेला खडूची खूण करून हँडल सावकाश एकदा फिरवा आणि चकती किती वेळा फिरते ते मोजा. एका फेऱ्यात चकती २० वेळा फिरत असेल तर १४०० आरपीएमसाठी हँडलचे मिनिटाला ७० फेरे हवेत. मोबाइलवर मेट्रोनोम लावा, ठोक्याला हात चालवा. चार मिनिटे एवढा वेग एकट्याने टिकत नाही, दोघांनी आळीपाळीने फिरवावे, पण हात बदलताना वेग पडू देऊ नये. हातमशीनची हीच मोठी उणीव आहे. विभागाकडे पैसे असतील तर विजेवरचे, टायमर असलेले मशीन घेणे केव्हाही चांगले. दुर्गम संकलन केंद्रावर, वीज गेलेली असताना, हातमशीनला पर्याय नाही, आणि तिथे नेमणूक होणाऱ्याला त्याची सवय असलेली बरी.

नळ्या समोरासमोर आणि सारख्या वजनाच्या बसल्या पाहिजेत. नमुने विषम असतील तर एका नळीत पाणी भरून ती समोर ठेवा, पण ती नळी कोरडी आणि ॲसिडचा थेंबही नसलेली हवी. बूच बाहेरच्या बाजूला, नळीच्या दुसऱ्या टोकाचा फुगा केंद्राकडे. फिरवून झाल्यावर चकती हाताने दाबून थांबवू नका. झटक्यासरशी थांबवली की वर आलेली फॅट पुन्हा खालच्या द्रवात मिसळते.

ब्युटीरोमीटरबद्दल एकच आग्रह: ० ते १० चा स्केल घ्या. काही संचांत ० ते ६ किंवा ० ते ८ च्या नळ्या देतात. गायीच्या दुधाला त्या चालतात, म्हशीच्या दुधाला नाही, कारण म्हशीची फॅट सातच्या वर सर्रास जाते आणि ८ पुढचे वाचताच येत नाही. नळीवर आयएसआय खूण आहे का ते पाहा, गर्बर साहित्यासाठी आयएस १२२३ हे मानक आहे. स्केलवर १ टक्का फॅट म्हणजे जेमतेम ०.१२५ मिली जागा. म्हणजे ०.१ टक्का हा मिली.च्या शंभराव्या भागाहून थोडासाच मोठा. नळीत आधीच्या नमुन्याचा पुसट तेलकट थर राहिला तरी आकडा बदलतो. म्हणून नळी कोमट असतानाच रिकामी करा, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने ब्रश घालून धुवा, साध्या पाण्याने खळखळून धुऊन उलटी टांगा. थंड झाल्यावर धुवायला घेतलेली नळी स्वच्छ दिसते, पण स्वच्छ नसते.

बुचे हा संचाचा सगळ्यात कमजोर भाग. स्वस्त संचांबरोबर साधी रबरी बुचे येतात. ती थोड्याच वापरात कडक होतात, मग हलवताना गरम ॲसिड कडेने पाझरते. पाझरले की नळीतला द्रव कमी होतो, आकडा गेला, आणि हातावर ॲसिड आले ते वेगळेच. चावीने घट्ट होणारी लॉक बुचे वेगळी विकत मिळतात, ती घ्या, दोन-चार जास्तीची घ्या. चावीचा दुसरा उपयोगही मोठा आहे: वाचताना चावी हलकी दाबून फॅटच्या थराची खालची कड एखाद्या पूर्ण आकड्यावर आणता येते. साध्या बुचाला हे जमत नाही, जोर जास्त लागला की फॅट स्केलच्या बाहेर फुग्यात जाते.

पिपेटकडे लोक बघतच नाहीत. १०.७५ मिली.ची पिपेट फुटली की लॅबमधली ११ मिली.ची लावून काम चालवतात. ४.० फॅटचे दूध मग ४.०९ दाखवते, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण पॉइंट वर. तुमच्याकडची पिपेट नेमकी आहे का हे तपासायला डिस्टिल्ड पाणी भरून ते अचूक तराजूवर सोडा. १०.७ ग्रॅमच्या आसपास वजन यायला हवे. पिपेट तोंडाने फुंकायची नाही, दूध आपोआप वाहू द्यायचे आणि शेवटी टोक दोन-तीन सेकंद काचेला टेकवून ठेवायचे. टोकात राहिलेला थेंब पिपेटच्या मापात धरलेला असतो.

आता कृती. ही विद्यार्थी घाईत करतात, म्हणून जिथे बिघडते तिथे थांबून सांगतो.

दुधाचा नमुना ४० अंशांपर्यंत कोमट करून, एका भांड्यातून दुसऱ्यात तीन-चार वेळा ओतून मिसळायचा आणि २७ अंशांवर आणायचा. टँकरमध्ये किंवा कॅनमध्ये वर साय धरलेली असते, ती न मिसळता घेतलेल्या नमुन्यावर पुढचे सगळे कौशल्य वाया जाते. प्रवासात घुसळून लोण्याचे कण आलेले असतील तर कोमट करणे आणखी महत्त्वाचे. नमुना टिकवायला त्यात फॉर्मॅलिन घातलेले असेल तर केसीन (दुधातले प्रथिन) घट्ट होते आणि ॲसिडमध्ये विरघळता विरघळत नाही, म्हणून सरावाला ताजेच दूध घ्या.

नळीत आधी १० मिली ॲसिड, मान ओली न करता. मग १०.७५ मिली दूध, नळी तिरकी धरून काचेच्या कडेने, ॲसिडवर तरंगेल असे. मग १ मिली अमाइल अल्कोहोल. हा क्रम बदलायचा नाही. दूध जोरात सोडले की ॲसिडशी तिथल्या तिथे मिसळते, उष्णता एका जागी वाढते आणि काळे कण पडतात. बूच घट्ट करून नळी जाड कापडात गुंडाळा आणि दह्यासारख्या गुठळ्या पूर्ण विरघळेपर्यंत हलवा, मग काही वेळा उलटी-सुलटी करा. नळी चांगलीच तापते. थंड होऊ न देता लगेच मशीनमध्ये. मशीनमधून काढली की ६५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये पाच मिनिटे, बूच खाली, आणि बाहेरचे पाणी फॅटच्या थराच्या वरपर्यंत. मग खालची कड आकड्यावर आणून वरच्या मेनिस्कसचा (फॅटच्या वरच्या वक्र कडेचा) तळ वाचायचा, नळी डोळ्यांच्या सरळ रेषेत धरून. बाहेर काढून गप्पा मारत वाचलेली नळी थंड होते, फॅट आकसते आणि आकडा कमी येतो.

थराचा रंग सगळे सांगतो. फिकट सोनेरी, स्वच्छ, खाली सुरेख रेषा, म्हणजे काम बरोबर. खाली काळे कण असतील तर ॲसिड तीव्र होते, किंवा ॲसिड-दूध गरम होते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातल्या बंद लॅबमध्ये बाटलीतले ॲसिडसुद्धा ३५ अंशांच्या वर जाते, तेव्हा बाटली आधी गार पाण्यात ठेवा. थराखाली पांढरट, दह्यासारखे काही दिसले तर ॲसिड सौम्य झाले आहे, किंवा नळी नीट हलवली नाही. सल्फ्युरिक ॲसिड हवेतला ओलावा शोषते. जुलैत बाटलीचे झाकण सैल राहिले तर जूनमध्ये चांगले चालणारे ॲसिड ऑगस्टमध्ये गुठळ्या ठेवू लागते. २७ अंशांना घनता १.८०७ ते १.८१२, म्हणजे वजनाने ९० ते ९१ टक्के, हे मोजून पाहा. लॅबमध्ये तीव्र ॲसिड पातळ करायची वेळ आलीच तर पाण्यात ॲसिड, थोडे थोडे, थंड करत. ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही.

अमाइल अल्कोहोलची चाचणी तर कोणी करतच नाही, आणि चुकीचा अल्कोहोल फॅटमध्ये राहून आकडा वाढवतो. नवी बाटली फोडली की दुधाच्या जागी १०.७५ मिली पाणी घालून पूर्ण कृती करा. स्केलमध्ये तेलकट थर अजिबात दिसता कामा नये. दिसला तर ती बाटली गर्बरसाठी नाही.

ॲसिडबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले: विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, खरेदीदाराचे ओळखपत्र आणि कारण नोंदवायचे, अठरा वर्षांखालच्या कोणालाही विकायचे नाही. शैक्षणिक संस्था आणि प्रयोगशाळांनाही साठ्याचा हिशोब ठेवावा लागतो. म्हणून ॲसिडची खरेदी विभागामार्फतच व्हावी, साठा कुलपात राहावा आणि सराव लॅबमध्येच व्हावा. वसतिगृहाच्या खोलीत किंवा कोथरूड-कर्वेनगरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत हे काम करायचे नाही. गॉगल, ॲप्रन आणि रबरी हातमोजे ही सूचना भिंतीवर लावायची नसून घालायची आहे. अंगावर ॲसिड पडले तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली, पंधरा-वीस मिनिटे, मग डॉक्टर. त्वचेवर सोडा चोळू नका. वापरलेल्या नळ्या सिंकमध्ये सरळ ओतायच्या नाहीत. जाड प्लॅस्टिकच्या भांड्यातल्या भरपूर पाण्यात सावकाश ओता, चुना किंवा धुण्याचा सोडा घालून ॲसिड निष्प्रभ करा, मगच टाका.

लॅक्टोमीटरवर थोडक्यात. २७ अंशांना कॅलिब्रेट केलेला घ्या, आयएस ११८३ चा. स्वस्तातल्यांत काचेच्या आतला कागदी स्केल सरकलेला असतो, म्हणून दुकानातच दोन-तीन लॅक्टोमीटर एकाच दुधात सोडून आकडे जुळवा. दूध २७ च्या वर असेल तर अंशामागे साधारण ०.२ मिळवायचे, खाली असेल तर वजा. ३२ अंशांच्या दुधात लॅक्टोमीटरवर २७ वाचले तर दुरुस्त डिग्री (लॅक्टोमीटरचा आकडा) २८. ही दुरुस्ती विसरलात तर एसएनएफ ०.२५ ने कमी येतो, आणि ८.५ चे दूध ८.२५ ठरून कपातीत जाते. धारेवरच्या ताज्या, फेसाळ दुधात लॅक्टोमीटर सोडू नका, हवेमुळे आकडा कमी दिसतो.

एसएनएफचे सूत्र डिग्री भागिले ४, अधिक फॅटच्या पाव पट, अधिक ०.४४ असे पुस्तकात असते. डिग्री २८ आणि फॅट ४.० असेल तर ७ अधिक १ अधिक ०.४४, म्हणजे ८.४४. पण फॅटचा गुणक आणि शेवटचा आकडा डेअरीगणिक बदलतो. शेवटी ०.३६ आणि फॅटला ०.२ धरले तर त्याच दुधाचा एसएनएफ ८.१६ येतो. प्लांटमध्ये पाऊल ठेवल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: तुमचे सूत्र कोणते?

सराव कसा करावा? सुरुवात डेअरीच्या पिशव्यांपासून करा, कारण तुमच्या हाताला उत्तरपत्रिका तिथे छापलेली मिळते. फॅट/एसएनएफ असे: टोण्ड ३.०/८.५, स्टँडर्ड ४.५/८.५, फुल क्रीम ६.०/९.०, डबल टोण्ड १.५/९.०. हे किमान आकडे आहेत, म्हणून तुमचे वाचन छापील आकड्याच्या बरोबरीने किंवा किंचित वर यायला हवे. पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलेले असेल तर एकदा फिरवून थांबू नका. फॅटचे कण बारीक झालेले असतात, ते सावकाश वर येतात. पुन्हा वॉटर बाथ, पुन्हा मशीन, असे लागोपाठ दोन वाचने सारखी येईपर्यंत करा. हे माहीत नसल्यामुळे ‘पिशवीत फॅट कमी आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळे होणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत.

त्यानंतर टोण्ड आणि फुल क्रीम सारख्या प्रमाणात मिसळा, उत्तर ४.५ च्या आसपास यायला हवे. हेच काम प्लांटमध्ये हजारो लिटरवर करतात आणि त्याला स्टँडर्डायझेशन म्हणतात, पिअर्सन चौकोनाचा (कोणते दूध किती मिसळायचे हे काढण्याचा) हिशोब तिथलाच. मग ९०० मिली दुधात १०० मिली पाणी घाला. ४.० फॅट आणि २८ डिग्रीचे दूध साधारण ३.६ आणि २५ वर येईल, एसएनएफ ७.६ च्या जवळ. पाणी घातल्यावर फॅट, डिग्री आणि एसएनएफ तिन्ही एकत्र कसे खाली येतात हे एकदा हाताने पाहिलेला विद्यार्थी डॉकवर पाणी घातलेले दूध आणि साय काढलेले दूध यांत गल्लत करत नाही: साय काढली तर फॅट पडते पण डिग्री चढते.

प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या लावा. दोघींतला फरक ०.१ च्या आत राहिला पाहिजे. राहत नसेल तर वेग, तापमान, पिपेट या क्रमाने शोधा. हे सातत्य आल्याशिवाय ॲनालायझरशी तुलना करू नका. आले की गायीचे पाच आणि म्हशीचे पाच नमुने दोन्हीवर घ्या. यंत्र सगळीकडे एकाच दिशेने, सारख्याच फरकाने चुकत असेल तर कॅलिब्रेशन सरकले आहे. कधी वर, कधी खाली जात असेल तर सेन्सर घाण आहे, नमुन्यात हवेचे बुडबुडे आहेत किंवा दूध नीट मिसळलेले नाही. यंत्राच्या गायीच्या चॅनलवर (सेटिंगवर) म्हशीचे दूध लावले गेले का तेही पाहा, ही चूक अनुभवी लोकही करतात.

मुलाखतीत पद्धत पाठ आहे का यापेक्षा कारणे विचारतात. ॲसिड का? प्रथिने विरघळतात, फॅटच्या कणाभोवतीचे आवरण तुटते, उष्णता निर्माण होते आणि उरलेला द्रव जड होऊन फॅट सुटी होते. अल्कोहोल का? फॅट आणि द्रव यांच्या सीमेवरचा ताण कमी होऊन थर स्वच्छ वेगळा पडतो आणि जळणे कमी होते. ज्याच्या हातून नळी काळी पडलेली आहे आणि ज्याने ती का पडली हे शोधले आहे, त्याला ही उत्तरे पाठ करावी लागत नाहीत.

या संचाने काय होत नाही, तेही सांगायला हवे. वनस्पती तेल घातलेले दूध गर्बरमध्ये पकडले जात नाही, नळी कोणतीही फॅट मोजते. युरिया, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन घालून चढवलेली डिग्री लॅक्टोमीटरला खरी वाटते. त्यासाठी वेगळी रसायने लागतात: स्टार्चला आयोडीन, युरियाला डीएमएबी, साखरेला रिसॉर्सिनॉल, न्यूट्रलायझरला (आंबटपणा लपवायला घातलेल्या सोड्यासारख्या पदार्थाला) रोझोलिक ॲसिड. दूध तापवल्यावर टिकेल का याला सीओबी (उकळून फाटते का ते पाहणे) आणि ६८ टक्के अल्कोहोलची चाचणी, जिवाणूंच्या अंदाजाला एमबीआरटी (मिथिलीन ब्लूचा रंग जाण्याची चाचणी). पाश्चरायझर, सीआयपी (यंत्रे न उघडता आतून धुणे), पॅकिंग हे सगळे इन-प्लांट ट्रेनिंगमध्येच शिकायचे, खोक्यात मिळत नाही.

खरेदीबद्दल शेवटचे. सेंट्रिफ्यूज, वॉटर बाथ, ॲसिड, अल्कोहोल हे विभागाने घ्यावे. विद्यार्थ्याने स्वतःचे म्हणून ० ते १० च्या दोन नळ्या, चार लॉक बुचे, चावी, तपासलेली १०.७५ ची पिपेट, लॅक्टोमीटर, चांगला थर्मोमीटर आणि गॉगल एवढेच घ्यावे. पेठांतल्या प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानांत हे सुटे मिळते, नसले तर मागवून देतात. नळ्या घेताना उजेडाकडे धरून स्केलच्या भागात बारीक तडा किंवा बुडबुडा नाही ना ते पाहा, आणि बूच नळीत बसवून, उलटी करून, पाणी गळत नाही ना हे काउंटरवरच तपासून मग पैसे द्या.